विश्लेषण : ‘कोयता’ एक, माणसे किती? एकात एक दडलेली माहिती संगणक कशी मोजतो?

बीड जिल्ह्यातील धारूर तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत वसला आहे. दसरा-दिवाळी आटोपली, की इथल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी सातारा-पुण्याकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि लहान मुले असा सगळा संसार सोबत असतो. मात्र या स्थलांतराचा हिशेब माणसांत होत नाही, तो होतो ‘कोयत्यां’त. मुकादमाच्या वहीत, कारखान्याच्या करारात आणि उचलीच्या रकमेत मोजमापाचे एकक कोयता हेच असते.

वहीतली हीच यादी संगणकात गेली आणि कोणी विचारले, ‘माणसे किती?’, तर उत्तर काय येईल? ते यादीवर जितके अवलंबून आहे, तितकेच ती यादी वाचणाऱ्या चार-पाच ओळींच्या प्रोग्रामवर. त्या ओळी एक पायरी आधी थांबल्या, तर निम्मी माणसे गळतात आणि संगणक कोणतीही तक्रार करत नाही. प्रोग्रामिंगच्या भाषेत याला ‘नेस्टेड डेटा’वर ‘लूप’ चालवणे म्हणतात. हा प्रकार काय आहे आणि त्यात चुका कुठे होतात, ते समजून घेऊ.

‘कोयता’ म्हणजे नेमके काय?

ऊसतोडीच्या व्यवहारात एक कोयता म्हणजे साधारणपणे नवरा-बायकोची जोडी. एकट्याच माणसाने काम घेतले, तर तो ‘अर्धा कोयता’. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यामागे ठरते. अनेक कोयते मिळून एका मुकादमाची टोळी होते आणि अनेक टोळ्या एका कारखान्याला ऊस पुरवतात.

म्हणजे ही माहिती पायऱ्यापायऱ्यांची आहे. कारखान्यात टोळ्या, टोळीत कोयते, कोयत्यात माणसे. व्यवहार बहुतेकदा पुरुषाच्या नावाने होत असल्याने कोयत्याच्या पातळीवर एकच नाव दिसते. बाईचे नाव त्याच्या आतल्या पायरीवर असते. मुलांचे नाव असलेच, तर तिथेच.

हे महत्त्वाचे का?

राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. त्याच वर्षी संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. आईवडील फडात असताना मुलांनी गावातच राहून शिकावे, यासाठी शाळांच्या पातळीवर हंगामी वसतिगृहेही चालवली जातात.

या प्रत्येक कामाला लागणारी यादी वेगळी आहे. कारखान्याला कोयते हवेत. ओळखपत्रासाठी प्रत्येक कामगार हवा, बाई आणि पुरुष वेगवेगळे. वसतिगृहाला मुले हवीत, तीही गावानुसार. मूळ माहिती मात्र एकच असू शकते. ती कोणत्या पायरीवर मोजली, त्यावर कोणाचे नाव यादीत येणार हे ठरते.

एकात एक माहिती संगणकात कशी ठेवतात?

एक्सेलचा तक्ता सपाट असतो. एक ओळ, तिच्यात ठरावीक रकाने. पण एका कोयत्याला दोन मुले, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एकही नाही, अशी स्थिती असेल तर रकाने किती ठेवायचे? ‘मूल १’, ‘मूल २’, ‘मूल ३’ असे रकाने वाढत जातात आणि निम्मे रिकामे राहतात.

यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरातल्या एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांसारखी मांडणी. मोठ्या डब्यात छोटा, त्यात आणखी छोटा. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी अशा स्क्रिप्टिंग भाषांमध्ये यासाठी दोन प्रकारचे डबे वापरतात. पहिला प्रकार यादीचा. तिच्यात वस्तू एकामागून एक ठेवलेल्या असतात आणि त्या हव्या तितक्या असू शकतात. दुसरा प्रकार नाव लिहिलेल्या कप्प्यांचा. ‘गाव’ या कप्प्यात गावाचे नाव, ‘कामगार’ या कप्प्यात कामगारांची यादी. कप्प्यात यादी आणि यादीत पुन्हा कप्पे ठेवता येतात. पायथनमध्ये या कप्प्यांच्या डब्याला ‘डिक्शनरी’ म्हणतात.

दोन संगणकांमध्ये अशी माहिती पाठवण्यासाठी आज सर्वाधिक परिचित असलेला साचा म्हणजे ‘जेसन’. डग्लस क्रॉकफर्ड यांनी तो प्रचलित केला आणि २०१३ मध्ये त्याला औपचारिक मानकाचा दर्जा मिळाला. मोबाइलवरील हवामानाचे किंवा रेल्वेचे अॅप पडद्यावर जी माहिती दाखवते, ती अनेकदा याच साच्यात येते. तारखेच्या आत तास, तासाच्या आत तापमान आणि पाऊस, अशी तिची रचना असते.

उदाहरणासाठी दोन टोळ्या

पुढील यादी केवळ समजण्यासाठी तयार केलेली आहे. प्रत्येक कोयत्याला ‘गाव’, ‘कामगार’ आणि ‘मुले’ असे तीन कप्पे आहेत.

टोळी ‘अ’
कोयता १ : आसरडोह, कामगार २, मुले २
कोयता २ : भोगलवाडी, कामगार २, मुले १
कोयता ३ (अर्धा) : भोगलवाडी, कामगार १, मुलांची यादी रिकामी

टोळी ‘ब’
कोयता ४ : आसरडोह, कामगार २, ‘मुले’ हा कप्पाच नाही
कोयता ५ : आसरडोह, कामगार २, मुले ३

लूप म्हणजे काय आणि लूपमध्ये लूप कशासाठी?

यादीतल्या प्रत्येक वस्तूसाठी तेच काम पुन्हा करायचे, ही सूचना म्हणजे लूप. एका लूपने एकाच पायरीवरची यादी वाचून होते. टोळ्यांची यादी वाचली, तर हाती टोळ्या येतात. टोळीच्या पोटातले कोयते पाहायचे, तर आत दुसरा लूप लागतो आणि कोयत्यातली माणसे पाहायची, तर त्याच्याही आत तिसरा.

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात हे तीन लूप पुढीलप्रमाणे दिसतात. वाचण्याच्या सोयीसाठी इथे सारे देवनागरीत दिले आहे. प्रत्यक्ष संगणकावर ‘फॉर’ आणि ‘इन’ हे शब्द व आकडे रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. ‘टोळी’, ‘कोयता’ अशी नावे मात्र पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतही चालतात.

एकूण = ०
फॉर टोळी इन टोळ्या:
    फॉर कोयता इन टोळी["कोयते"]:
        फॉर व्यक्ती इन कोयता["कामगार"]:
            एकूण = एकूण + १

मराठीत वाचायचे तर : टोळ्यांमधली प्रत्येक टोळी घ्या. तिच्या ‘कोयते’ कप्प्यातला प्रत्येक कोयता घ्या. त्याच्या ‘कामगार’ कप्प्यातली प्रत्येक व्यक्ती घ्या आणि एकूण एकने वाढवा. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा पायथनमध्ये शोभेसाठी नसते. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे, हे त्या जागेवरूनच ठरते.

एकाच यादीची चार उत्तरे कशी?

वरच्या यादीत पहिल्या पायरीवर थांबले, तर उत्तर येते २. या झाल्या टोळ्या. दुसऱ्या पायरीवर ५, म्हणजे कोयत्यांच्या नोंदी. त्यातला एक अर्धा असल्याने व्यवहाराच्या भाषेत हे साडेचार कोयते. तिसऱ्या पायरीवर ९ कामगार. मुले धरली, तर नोंदीत सापडणारी माणसे १५.

२, ५, ९ आणि १५. यातला कोणताही आकडा चुकीचा नाही, प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘५’ या आकड्यापुढे ‘कामगार’ असा मथळा दिला, की मात्र चूक होते. प्रोग्राम न अडखळता चाललेला असतो, छापील कागद नीटनेटका दिसतो आणि नऊपैकी चार कामगार कागदावरून नाहीसे झालेले असतात.

बायकांची नावे कुठे गळतात?

नेहमीची दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला कोयत्याच्या ‘कामगार’ कप्प्यात यादी आहे हे ठाऊक असते. पण तिसरा लूप लिहिण्याऐवजी तो यादीतले पहिलेच नाव उचलतो. पायथनसह बहुतेक भाषांत मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पहिल्या नावाचा क्रमांक शून्य.

चाचणीसाठी एखादा अर्धा कोयता घेतला असेल, तर ही चूक दिसतच नाही, कारण तिथे नाव एकच असते. पूर्ण यादीवर प्रोग्राम चालवला, की पाच नावे मिळतात. नोंद करताना नवऱ्याचे नाव आधी लिहिण्याची पद्धत असेल, तर त्या पाचांत जोडीने काम करणाऱ्या चारपैकी एकाही बाईचे नाव नसते. प्रोग्राममध्ये ‘बायकांना वगळा’ अशी सूचना कुठेही नाही. ‘पहिले नाव घ्या’ एवढ्याच सूचनेने हे झालेले असते.

मुले दुप्पट कशी होतात?

कधी माणसे गळतात, तर कधी वाढतात. कामगार आणि मुले हे दोन्ही कप्पे कोयत्याच्या आत शेजारीशेजारी आहेत. त्यामुळे त्यांचे लूपही शेजारीशेजारी, म्हणजे एक संपल्यावर दुसरा असे हवेत. मुलांचा लूप चुकून कामगारांच्या लूपच्या पोटात गेला, तर प्रत्येक कामगारामागे सगळी मुले पुन्हा मोजली जातात. आईच्या नावावर दोन, वडिलांच्या नावावर तीच दोन.

वरच्या यादीत मुले सहा आहेत. या चुकीने ती बारा होतात. पायथनमध्ये एवढ्यासाठी ओळीच्या सुरुवातीची चार मोकळी अक्षरे जास्त पडणे पुरेसे आहे. एकात एक असलेली माहिती सपाट तक्त्यात उतरवतानाही हाच घोळ होतो. प्रत्येक पालकाच्या ओळीत मुलांची संख्या लिहिली जाते आणि शेवटी रकान्याची बेरीज केली जाते.

‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ यात फरक काय?

कोयता ३ मध्ये मुलांची यादी रिकामी आहे. म्हणजे विचारणा झाली आणि मुले नसल्याचे कळले. कोयता ४ मध्ये ‘मुले’ हा कप्पाच नाही. म्हणजे कोणी विचारलेच नाही, किंवा विचारले पण नोंदवले नाही.

रिकाम्या यादीवर लूप शून्य वेळा चालतो आणि पुढे जातो. नसलेला कप्पा मागितला, तर पायथन ‘की-एरर’ देऊन तिथेच थांबते. मग कोयता ५ मधल्या तीन मुलांपर्यंत प्रोग्राम पोहोचतच नाही. यावर सर्रास वापरला जाणारा तोडगा म्हणजे ‘गेट’ ही सोय. कप्पा असेल तर तो घ्या, नसेल तर रिकामी यादी समजा. प्रोग्राम विनासायास पूर्ण होतो.

पण इथेच सावध राहायला हवे. या तोडग्याने ‘माहिती नाही’चे रूपांतर ‘शून्य’ात होते. वसतिगृहासाठी मुले मोजताना या दोहोंतला फरक मोठा आहे. एका घरी पुन्हा जाण्याची गरज नाही, दुसऱ्या घरी जावेच लागेल. म्हणून नसलेले कप्पे वेगळे मोजणे हा योग्य मार्ग. वरच्या यादीचे प्रामाणिक उत्तर ‘सहा मुले’ एवढेच नाही. ‘सहा मुले आणि एका कोयत्याची माहिती बाकी’ असे ते आहे.

एका माणसाचे चार कसे होतात?

समजा, अर्ध्या कोयत्यातल्या कामगाराचे नाव रमेश. माणूस एकच असल्याने नोंद करणाऱ्याने यादी न करता ‘कामगार’ कप्प्यात नुसतेच ‘रमेश’ लिहिले. पायथनला नावावरही लूप चालवता येतो. ती यादीऐवजी अक्षरे मोजू लागते. युनिकोडमध्ये देवनागरीची मात्रा स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवली जाते. त्यामुळे ‘रमेश’चे तुकडे चार पडतात : र, म, एकाराची मात्रा आणि श. एका माणसाचे चार कामगार होतात, नऊचे बारा होतात आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही.

वस्तू एक असली, तरी ती यादीतच ठेवायची, हा यावरचा नियम. बाहेरून आलेल्या माहितीत हा नियम पाळला असेलच असे नाही. त्यामुळे लूप चालवण्याआधी हाती आलेली वस्तू यादी आहे की नुसते नाव, हे तपासून घ्यावे लागते.

बेरीज दर वेळी शून्यावर का येते?

‘एकूण = ०’ ही ओळ कुठे आहे, यावर उत्तर अवलंबून असते. ती सगळ्या लूपच्या आधी असेल, तर सर्व टोळ्यांची बेरीज मिळते. ती टोळीच्या लूपच्या आत गेली, तर प्रत्येक नवी टोळी येताच आधीची बेरीज पुसली जाते. शेवटी फक्त टोळी ‘ब’चे ४ कामगार उरतात.

मात्र टोळीनिहाय आकडे हवे असतील, तर तीच ओळ आत असणे योग्य ठरते. त्यासाठी प्रत्येक टोळी संपताच तिचा आकडा बाजूला लिहून ठेवावा लागतो. म्हणजे ओळीची जागा प्रश्नाप्रमाणे ठरते.

गावनिहाय यादी हवी असेल तर?

कारखान्याची मांडणी टोळीनुसार असते. ग्रामसेवकाला आणि शाळेला ती गावानुसार हवी असते. एकाच टोळीत दोन गावांचे कोयते असतात आणि एकाच गावाचे कोयते दोन टोळ्यांत विखुरलेले असतात. अशा वेळी माहिती पुन्हा गोळा करण्याची गरज नसते. डब्यांची रचना बदलली, की काम होते.

त्यासाठी गावांच्या नावाने कप्पे असलेला एक रिकामा डबा घेतात. मग लूप प्रत्येक कोयत्यापर्यंत नेतात. कोयत्याच्या गावाचा कप्पा नसेल तर तो तयार करतात आणि तो कोयता त्यात टाकतात. आपल्या उदाहरणात आसरडोहच्या कप्प्यात तीन कोयते व पाच मुले येतात, भोगलवाडीच्या कप्प्यात दोन कोयते व एक मूल. आसरडोहच्या एका कोयत्याची मुलांची माहिती बाकी असल्याची खूणही सोबत जाते. दोन्ही गावांची मिळून मुले सहाच भरतात. रचना बदलली तरी बेरीज बदलता कामा नये, ही इथली पहिली तपासणी.

किती पायऱ्या आहेत हेच ठाऊक नसेल तर?

टोळी, कोयता, व्यक्ती या तीन पायऱ्या आधीच माहीत असल्याने तीन लूप पुरले. काही वेळा खोली ठाऊक नसते. संगणकातल्या फोल्डरमध्ये फोल्डर किती असतील, हे आधी सांगता येत नाही. अशा वेळी स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन लिहितात. डबा उघडा, आत डबा असेल तर हेच काम त्याच्यावर करा, वस्तू असेल तर मोजा. याला ‘रिकर्शन’ म्हणतात. फंक्शन स्वतःला बोलावतच राहिले, तर संगणकाची मेमरी भरेल, म्हणून पायथनने या खोलीवर सर्वसाधारणपणे १,००० ची मर्यादा घातलेली असते.

जनगणनेत हे कसे सांभाळतात?

पायऱ्या वेगळ्या ठेवण्याची सवय देशाच्या जनगणनेत जुनी आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, कुटुंब आणि व्यक्ती अशी ती उतरत जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा सांकेतिक क्रमांक २७ आणि बीडचा ५२३ होता. जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ नोंदली गेली. घरे, कुटुंबे आणि व्यक्ती या तिन्हींचे आकडे वेगवेगळे दिले जातात. कुटुंबांच्या आकड्याला कोणी लोकसंख्या म्हणत नाही.

त्या वेळी लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. तो काळ ऐन गाळप हंगामाचा. पुढील जनगणना डिजिटल पद्धतीने करण्याचे ठरले असून बहुतांश देशासाठी तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्या दिवसांतही धारूरसारख्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे फडात असतात. म्हणून अशा माणसांच्या कोणत्याही नोंदीत ‘पत्ता’ हाही एक डबाच असावा लागतो. त्यात ‘मूळ गाव’ आणि ‘सध्याचे ठिकाण’ असे दोन कप्पे हवेत. एकच कप्पा ठेवला, तर दुसऱ्या ठिकाणच्या यादीतून नाव जाते.

यादी तपासताना काय पाहावे?

यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. अशी यादी हाती आली, की चार प्रश्न विचारता येतात. हा आकडा कोयत्यांचा, कामगारांचा की सर्व माणसांचा? किती नोंदींत माहिती अपुरी आहे आणि ती शून्यात मिसळली आहे का? टोळीनिहाय बेरीज आणि गावनिहाय बेरीज जुळते का? आणि एकच व्यक्ती दोन टोळ्यांत आल्यास ती दोनदा मोजली गेली का? या शेवटच्या प्रश्नासाठी नावावर भिस्त ठेवून भागत नाही, कारण एका गावात एकाच नावाची माणसे असतात. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक लागतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सोपा उपाय आहे. पूर्ण यादीवर चालवण्याआधी वरच्यासारखी पाच कोयत्यांची छोटी यादी घ्यावी. तिच्यात एक अर्धा कोयता, एक रिकामी यादी आणि एक नसलेला कप्पा मुद्दाम ठेवावा. उत्तर आधी कागदावर बोटांनी मोजावे आणि मग प्रोग्राम चालवावा. कागदावर नऊ आणि पडद्यावर पाच, बारा किंवा चार आले, तर चूक कोणत्या पायरीवर आहे ते लगेच कळते. हजारो नोंदींच्या यादीत तीच चूक कोणाच्या नजरेस पडत नाही. ओळखपत्रासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला मात्र ती ‘तुमचे नाव यादीत नाही’ या उत्तरातून कळते.